रिमोट म्हणतो

सर्व्हरबद्दल माझी फार मोठी तक्रार नाही. तो सभ्य आहे. नाही म्हणताना कारण देतो, पुढच्या वेळी काय करावं हेही सुचवतो. फक्त हे सगळं तो नाही म्हणून झाल्यावर करतो.

ज्यांचा या व्यवहाराशी संबंध नाही ते सुखी आहेत, तरी थोडक्यात सांगतो. प्रोग्राम लिहिणारी माणसं आपल्या कामाचा इतिहास बहुधा गिटमध्ये ठेवतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. सर्व्हरवरचा प्रकल्प ‘क्लोन’ करून घरी उतरवायचा, घरी केलेला बदल ‘कमिट’ करायचा आणि सर्व्हरकडे ‘पुश’ करायचा. ‘हूक’ म्हणून छोट्या स्क्रिप्ट सर्व्हरवर बसवता येतात, घरच्या मशीनवरही. सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट आलेला माल तपासून आत घेतात किंवा परत पाठवतात. आमच्या ऑफिसच्या हूकला प्रत्येक कमिटच्या संदेशात कामाचा क्रमांक लागतो. मागणी रास्त आहे.

मी खर्डीहून काम करतो. इथून कसारा स्टेशन जवळ, मध्ये फक्त उंबरमाळी. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात आहेत, म्हणजे इथून मुंबईकडे अखंड प्रवाह पाठवण्याचं तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. ते पाण्यापुरतं आहे. बाकी गोष्टी मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून पाठवाव्या लागतात, आणि पावसात वीज गेली की खिडकीचाही उपयोग होत नाही.

आता क्रम बघा. सर्व्हरवरचा प्री-रिसीव्ह हूक चालतो तो सगळा माल तिकडे पोचल्यावर. चित्रं, नकाशे, जे काही असेल ते आधी पूर्ण चढवायचं. टक्के सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात, शंभर होतात. मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘रिमोट:’ लिहून सर्व्हर बोलायला लागतो. रिमोट म्हणतो, कामाचा क्रमांक आढळला नाही. रिमोट म्हणतो, ही चूक घरच्या घरी पकडणारी स्क्रिप्ट उपलब्ध आहे. रिमोट म्हणतो, ती बसवण्याची सूचना करण्यात येत आहे, माहितीसाठी पुढील पत्ता पाहावा. पुढचा पत्ता ऑफिसच्या आतल्या जाळ्यातला असतो. तो पाहायला व्हीपीएन लागतं, आणि व्हीपीएनला खर्डीचं नेटवर्क मान्य नसतं.

चढवलेल्या मालाचं काय होतं? २०१६च्या २.११ या आवृत्तीपासून गिट आलेला माल आधी विलगीकरणात ठेवतं. हूकने नकार दिला की तो तिथूनच पुसला जातो. सर्व्हरच्या आरोग्याच्या दृष्टीने हे उत्तमच. क्रमांक हा चार-पाच अक्षरांचा मामला, पण तो घालून पुन्हा पुश केलं की नकाशेसुद्धा पहिल्यापासून निघतात.

ऑफिसातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला फोन केला. म्हटलं, “अरे, एवढी चांगली स्क्रिप्ट आहे तर ती क्लोन करतानाच का देत नाही?”

“दादा, क्लोनमध्ये हूक येत नाहीत. सिक्युरिटी.”

त्याचं बरोबर आहे. क्लोनबरोबर स्क्रिप्ट येऊन आपोआप चालू झाल्या, तर कुणाही परक्याचा प्रकल्प उतरवताच आपलं मशीन त्याच्या हाती जाईल. मे २०२४मध्ये नेमकी अशीच एक फट जाहीर झाली आणि २.४५.१ या आवृत्तीत ती बुजवली. सोबत जादा खबरदारी म्हणून, क्लोन चालू असताना हूक उगवलेला दिसला तर काम थांबवायची सोय केली. त्यात गिट एलएफएस हे मोठ्या फाइली सांभाळणारं सज्जन साधनच अडकलं, कारण तेही आपले हूक त्याच वेळी बसवतं. मग २.४५.२मध्ये ती जादा खबरदारी मागे घेतली.

तेव्हा सर्व्हर फक्त वाक्यं पाठवू शकतो, वस्तू नाही. २०२१ साली गिटच्या विकसकांपुढे प्रस्ताव आला होता, की सर्व्हरने हूक सुचवावेत आणि ते बसवायचे की नाही हे वापरणाऱ्याने ठरवावं. चर्चा झाली. रिमोट अजून वाक्यंच पाठवतो.

घरच्या हूकच्या फोल्डरमध्ये गिट स्वतःहून काही ठेवतं, ते नमुने. नावाच्या शेवटचं ‘सॅम्पल’ काढल्याशिवाय त्यातला एकही चालत नाही. कमिटपूर्वी चालणारा जो नमुना आहे, तो चालू केला की देवनागरी नावाची नवी फाईल घेत नाही. इंग्रजी अक्षरांपलीकडचं नाव दुसऱ्यांच्या मशीनवर त्रास देऊ शकतं, असं तो समजावतो. परवानगीची सेटिंगही त्यातच आहे, हा त्याचा मोठेपणा. ती दिली तरी ‘खर्डी’ नावाची फाईल गिटच्या यादीत \३४०\२४४\२२६ अशी सुरू होते आणि बरीच लांबते. यालाही वेगळी सेटिंग आहे. ती कुणी सुचवत नाही.

स्क्रिप्ट घरोघरी पोचवण्याचा एक सनदशीर मार्गही आहे. स्क्रिप्ट प्रकल्पातच ठेवायच्या आणि प्रत्येकाने एकदा एक आज्ञा देऊन गिटला त्यांचा पत्ता सांगायचा. ही सोय २०१६पासून आहे. ती आज्ञा रीडमीत लिहिलेली असते. रीडमी लिहिण्यासाठी असते. याउलट जावास्क्रिप्टवाल्यांचं हस्की नावाचं पॅकेज बाकीच्या सामानाबरोबर येतं आणि हूक बसवून मोकळं होतं, म्हणून ते सर्वत्र आहे. अर्थात घरचा हूक बसवला तरी ‘नो-व्हेरिफाय’ म्हटलं की तो बाजूला होतो, त्यामुळे सर्व्हरला पुन्हा तपासावं लागतंच. त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

शेवटी त्या मुलानेच तोडगा काढला. स्क्रिप्ट त्याने टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. गणपतीच्या फोटोंमधून ती शोधून आम्ही सगळ्यांनी उतरवली आणि चालवली. टीममध्ये नव्याने आलेल्या वासिंदच्या मुलीला ती मी पुढे पाठवली, तिने आणखी कुणाला पाठवली. आत काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नाही. सर्व्हरकडून थेट आली असती तर धोका होता.