पुढील खंड लवकरच

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या प्रांतातली कादंबरी सहसा एकटी येत नाही, गोतावळा घेऊन येते. पाठीवर क्रमांक, आरंभी नकाशा, अखेरीस वंशावळ आणि मलपृष्ठावर पुढील खंडाचे आश्वासन, ही तिची ओळखण्याची लक्षणे. एकूण खंड किती, असे विचारले तर पहिले उत्तर बहुधा ‘तीन’ असे मिळते. लग्नघरी आमंत्रणांची यादी सुरू करताना जो आकडा ठरतो, त्याच्याइतकाच या तिनावर विसंबण्यात अर्थ असतो.

या आकड्याचे मूळ शोधत गेल्यास साहित्यशास्त्र ओलांडून थेट कागदाच्या भावापर्यंत जावे लागते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांचे ‘द हॉबिट’ १९३७ साली निघाले. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी त्याचे हस्तलिखित परीक्षणासाठी आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडे, रेनरकडे दिले होते. मानधन एक शिलिंग. परीक्षकाने अनुकूल मत दिले, पुस्तक खपले आणि अन्विनांना आणखी हॉबिट हवेसे झाले. मुलांसाठी छोटेखानी दुसरा भाग येईल, अशी त्यांची अपेक्षा. टोल्किन यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिहायला घेतले आणि बारा वर्षांनी हजारावर पानांचे महाकाव्य समोर ठेवले. तोवर परीक्षक मोठा होऊन बापाच्या धंद्यात आला होता. या पुस्तकात हजार पौंडांची खोट येऊ शकते, असा हिशेब त्यानेच बापाला कळवला. पुस्तक खरोखर प्रतिभेचे असेल तर हजार पौंड बुडाले तरी चालतील, अशा अर्थाचे उत्तर आले. प्रकाशकाच्या हातून असे उत्तर लिहिले जाणे हीच या साऱ्या प्रकरणातली सर्वांत अद्भुत घटना म्हणता येईल.

खोट सोसायची तयारी असली तरी ती मुद्दाम वाढवायची नव्हती. युद्धानंतर कागद महाग होता आणि एवढा ग्रंथ एकाच पुठ्ठ्यात बांधला तर त्याची किंमत ऐकूनच गिऱ्हाईक पळाले असते. म्हणून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन तुकडे झाले. लेखकाने स्वतः केलेले भाग सहा होते आणि ही एकच कादंबरी आहे, हे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. पहिले दोन खंड १९५४ मध्ये आले. तिसरा परिशिष्टांपायी अडला. दुसऱ्या खंडाच्या शेवटी नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो आणि त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर राहतो. वंशावळी, दिनदर्शिका आणि लिपी यांची जुळवाजुळव होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत, दोघांनाही त्याच अवस्थेत काढावे लागले. नंतरच्या पिढ्यांनी यातून पक्का बोध घेतला. महाकथा म्हटली की खंड तीन आणि मधला खंड अडचणीच्या जागी तुटलेला. छापखान्यातली तडजोड अशी शास्त्र होऊन बसली.

आयझॅक ॲसिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ही तीन खंडांतच प्रसिद्ध झाली, १९५१ ते १९५३ या काळात. प्रत्यक्षात त्या बहुतांशी १९४२ पासून मासिकात छापून आलेल्या कथा होत्या. त्यांतला हॅरी सेल्डन समाजाचे गणित मांडून पुढच्या हजार वर्षांचे भविष्य वर्तवतो. १९६६ साली आजवरची सर्वोत्तम मालिका म्हणून हिला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि पराभूतांत टोल्किनही होते. पुढे प्रकाशकांनी घसघशीत आगाऊ रक्कम देऊन चौथा भाग मागितला, तेव्हा ॲसिमॉव्ह यांनी आपलीच जुनी पुस्तके वाचायला काढली. वाचता वाचता ते काहीतरी घडण्याची वाट पाहत राहिले. पात्रे फक्त बोलत होती. चौथा भाग १९८२ मध्ये आला, पाचवा १९८६ मध्ये, आणि त्यापुढे काय होते ते लेखकालाच सुचेना. मग ते उलटे फिरून पहिल्या भागाच्याही आधीची हकिकत सांगू लागले. सेल्डनच्या हजार वर्षांपैकी पाचशेच्या आसपास वर्षांवर मालिका थांबली आहे. नायकाला हजार वर्षांचे दिसत होते, लेखकाला पुढचा खंडही दिसत नव्हता.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’चे तीन भाग १९७२ पर्यंत पूर्ण झाले. १९९० साली चौथा आला, त्यावर ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’ असे उपशीर्षकच छापले होते. २००१ मध्ये आणखी दोन आली. डग्लस ॲडम्स यांचा प्रामाणिकपणा अधिक. ‘हिचहायकर्स गाइड’च्या पाचव्या पुस्तकावर त्यांनी छापून टाकले की या मालिकेचे त्रिखंडी हे नाव दिवसेंदिवस चुकीचे ठरत आहे. गणपतीने महाभारत लिहून घेताना अट घातली होती की लेखणी मध्ये थांबता कामा नये. ॲडम्स यांच्या बाबतीत लेखणी सुरू कशी करावी हाच प्रश्न होता. चौथ्या पुस्तकाच्या वेळी संपादक सॉनी मेहता हॉटेलात त्यांच्यासोबत मुक्काम ठोकून राहिले आणि पाने घेऊनच बाहेर पडले.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ची पहिली अडचण वेगळी होती, तिला प्रकाशकच मिळेना. वीसहून अधिक नकारांनंतर १९६५ मध्ये चिल्टन कंपनीने ती छापली. ही कंपनी मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होती. चौथ्या कादंबरीत कथा साडेतीन हजार वर्षे पुढे उडी मारते आणि तरीही गादीवर तोच राजा असतो, फक्त आता तो बराचसा अळी झालेला असतो. दूरदर्शन मालिकांच्या वीस वर्षांच्या झेपा यापुढे फारच भित्र्या वाटतात. सहाव्या भागाचा शेवट अधांतरी ठेवून १९८६ मध्ये हर्बर्ट वारले. मुलाने सहलेखक गाठून घराण्याचा धंदा जोमाने पुढे चालवला.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड १९९० मध्ये निघाला. यातल्या काळाला आदि-अंत नसतो, असे कादंबरीच सांगते, तेव्हा वाचकाला फसवले असे म्हणता येत नाही. पात्रे शेकड्यांनी येतात. त्यांतली नायनीव्ह रागावली की आपली वेणी ओढते आणि ती वारंवार रागावते. २००३ सालच्या दहाव्या खंडात बहुतेक पात्रे नवव्या खंडाच्या शेवटी घडलेल्या घटनेकडे लांबून पाहत आश्चर्य करतात. त्याला सातशेच्या आसपास पाने लागली. निष्ठावंत वाचकही या खंडाचे नाव काढले की विषय बदलतात. अकरा खंड झाल्यावर २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले. उरलेले सारे बाराव्या खंडात संपवायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी हे काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे सोपवले. त्याने टिपणे तपासली, कामाला लागला आणि तो एक शेवटचा खंड २०१३ पर्यंत तीन खंडांत पूर्ण केला. मालिकेत त्रिखंडी अवतरली ती अशी, अकराव्या खंडानंतर.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या महाकथेचीही मूळ योजना तीन खंडांची. १९९६, १९९८ आणि २००० मध्ये तीन आलेही. कथा मात्र संपली नाही. चौथा २००५ मध्ये आला. त्यात निम्मीच पात्रे मावली, म्हणून उरलेल्यांचा खंड पुढच्या वर्षी देण्याची आशा लेखकाने अखेरीस व्यक्त केली. तो २०११ मध्ये आला. त्याच वर्षी या कथेवरून दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली, तिने पुस्तकांना गाठले, मागे टाकले आणि २०१९ मध्ये सगळे उरकून मोकळी झाली. पाचव्या खंडाच्या शेवटी जॉन स्नो या नायकाला त्याचेच सोबती भोसकतात. पडद्यावर तो २०१६ मध्ये जिवंत होऊन पुढच्या लढायाही लढला. कादंबरीत अजून बर्फात पडून आहे. मार्टिन इंटरनेट नसलेल्या डॉस संगणकावर, वर्डस्टार ४.० या जुनाट प्रणालीत लिहितात, त्यामुळे विलंबाचे खापर इंटरनेटवर फोडायचीही सोय नाही. त्यासाठी त्यांच्याकडे दुसरा संगणक आहे.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ने हा प्रश्न मुळातच टाळला. हे जग थाळीसारखे सपाट असून चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत. दिग्गज आणि कूर्म यांना ओळखणाऱ्या वाचकाला कल्पना घरचीच वाटेल, फक्त आठातले चार हत्ती काटकसरीत गेलेले दिसतात. १९८३ ते २०१५ या काळात एकेचाळीस कादंबऱ्या झाल्या, पण जवळपास प्रत्येक स्वतंत्रपणे संपते, त्यामुळे वाचकाला लेखकाच्या प्रकृतीची सतत चौकशी करावी लागत नसे. मागे राहिलेल्या अपुऱ्या लिखाणाचीही त्यांनी व्यवस्था लावली होती. त्यांच्या इच्छेनुसार २०१७ च्या ऑगस्टमध्ये डॉर्सेटमधल्या जत्रेत त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क जमिनीवर ठेवून तिच्यावरून वाफेचा रोडरोलर फिरवण्यात आला. रोलर अनेकदा फिरवूनही ती पुरती चिरडेना, तेव्हा उरलेले काम खडी फोडण्याच्या यंत्राकडे देण्यात आले.