गराजातला कैलास

वहिनी, जरा इकडे या. कुंपणाची ती ढिली फळी आहे ना, तिथे उभ्या राहा, म्हणजे ओरडावं लागत नाही. हा घ्या कढीपत्ता, कोवळा आहे.

काल रात्री घर्रर्र ऐकलंत? आमच्याकडचंच ते. गराजात बर्फाचं यंत्र बसलंय. अहो, फ्रिजमध्ये होतोच की बर्फ, पण तो पांढुरका. यांना हवा काचेसारखा! ह्यूस्टनच्या जुलैत मंडळी कोकम सरबत प्यायला येणार आणि पेल्यात पांढुरका बर्फ? अब्रूच गेली म्हणायची.

काचेसारखा कसा होतो, ते मला आता पाठ आहे. जेवताना दुसरा विषयच नसतो. गार पत्र्यावरून पाणी सारखं खेळतं ठेवायचं. स्वच्छ पाणी आधी गोठतं, क्षार उरलेल्या पाण्यात राहतात आणि ते पाणी यंत्र टाकून देतं. टाकून देतं, कळलं ना? वर त्याची पेटी म्हणजे काही फ्रीझर नव्हे. आतला बर्फ हळूहळू वितळतो, यंत्र नवा करतं. त्याचंही पाणी निघतंच. आत येणारी नळी पाव इंची, पण तिचे लाड बघा, फिल्टर काय नि व्हॉल्व्ह काय! पाणी बाहेर जायचं कुठून, हे मात्र खोकं फोडल्यावर सुचलं. गराजात कुठली आलीय मोरी?

मग काय, बादली! रात्री दोनला उठून ओततायत. चाळीत सासरे असेच उठायचे, पण ते पाणी भरायला.

शेवटी प्लंबर आला. भिंतीपलीकडे धुण्याच्या मशीनचा पाइप आहे, त्यात सोडायचं ठरलं. नुसत्या उताराने न्यायचं तर फुटाला पाव इंच उतार हवा, आणि आमच्या गराजाचा उतार नेमका रस्त्याकडे. म्हणून पंप. घर्रर्र करतो तो हाच.

आणि पाणी घेतलंय वॉटर हीटरच्या थंड पाइपवरून. तिथे यांनी आधी स्वतःच सॅडल व्हॉल्व्ह लावला होता. पाइपाला आवळायचा, सुईने भोक पाडायचं, झालं. झालं कसलं, टपटप गळत होता. प्लंबर म्हणाला, बऱ्याच ठिकाणी हा नियमात बसतच नाही. त्यानं पाइप कापून पितळी टी बसवला. वर बजावलं, कडक थंडी यायच्या आत नळी बंद करून रिकामी करा. 2021 चा फेब्रुवारी विसरलात का? तुमच्या माडीवरचा पाइप फुटून छत खाली आलं होतं ते?

आणि गंमत ऐका. माहितीपुस्तकात लिहिलंय, भोवतालची हवा शंभर फॅरनहाइटच्या वर नको. आपलं गराज जुलैत नुसती भट्टी! म्हणजे बर्फ हवा तेव्हाच यंत्र कुरकुरणार. मी काही बोलले नाही. परवा सासूबाईंना व्हिडिओवर दाखवलं, तर म्हणाल्या, "घसा धरेल रे, साधं पाणी पी."

बरं, मुद्द्याचं राहिलंच. थंडीत ही कढीपत्त्याची कुंडी मी गराजात ठेवायचे ना, खिडकीपाशी? तिथेच बसलाय तो कैलास. तुमच्या गराजात मावेल का हो? बर्फ पाठवीन मी, हवा तेवढा.