सतरा नंबरचा पाना

आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी काकांचा चेहरा नीट पाहिलेला नाही, पण त्यांचे पाय सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. रविवारी सकाळी नऊनंतर बी विंगच्या खाली, बिस्किटी रंगाच्या फियाटच्या मागच्या चाकाशी, तळवे वर करून ते आडवे असतात. एका टाचेला भेग आणि शेजारी उलटी पडलेली स्लीपर. मागच्या वर्षी एका नव्या भाडेकरूने पाणी कमी येत असल्याची तक्रार सरळ या पायांकडेच केली. पाय म्हणाले, "बघतो." तो समाधानाने वर गेला.

हा प्राणी फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. दहिसरचा चेकनाका ओलांडला की मीरा रोड आणि भाईंदरच्या दर तिसऱ्या सोसायटीत एखादा सापडतो. गिरगावातली नाहीतर परळची खोली सोडून हा इकडे आला. येताना देवघर आणि वडिलांचा फोटो यांच्याबरोबर एक गाडीही आली. चाळीत ती रस्त्यावर उभी असायची. इथे तिला स्टिल्टखाली खांब क्रमांक सातची सावली मिळाली. काकांना हॉल-किचनचं विशेष काही नव्हतं, खांब क्रमांक सात बघून त्यांनी फ्लॅट घेतला असं काकू आजही सांगतात.

गाडी 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. पण काकांसमोर 'पद्मिनी' म्हणायची सोय नाही. ते नाव आरटीओच्या कागदापुरतं, घरात ती फियाट. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 ची, कारखाना कुर्ल्याला, मूळ नमुना इटलीच्या फियाट 1100 चा, आणि 1974 पासून पद्मिनी हे नाव, एवढा इतिहास काका गाडीखालूनच सांगतात, त्यामुळे तो जरा घुमतो. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. काका तिथून जाताना गाडीचा वेग कमी करतात, एखाद्याने देवळासमोरून जाताना करावा तसा. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या रात्री काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे गेले आणि डिकीभर सुटे भाग घेऊन आले. शोक आणि खरेदी एकाच फेरीत उरकणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस.

त्यांचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. तो अधूनमधून तिकडच्या 'मसल कार'चे व्हिडिओ पाठवतो. 1964 ची पाँटिॲक जीटीओ, सहा लिटरच्या वरचं व्ही-एट इंजिन, सव्वातीनशे अश्वशक्ती. घरच्या गॅरेजात लिफ्ट, हवेवर चालणारा पाना, भिंतीवर ओळीने लावलेली हत्यारं. काका तुच्छतेने बघतात. आमच्या फियाटला 1089 सीसी आणि चाळीसेक घोडे. "त्यांच्याकडे मसल गाडीत असतात," काका दंड पुढे करतात, "आमच्याकडे इथे लागतात." दंडावर ग्रीस असतं, त्यामुळे खाली मसल आहे की नाही हे नक्की कळत नाही.

तर यंदाचं प्रकरण मागच्या पाट्यांचं. फियाटला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, म्हणजे ट्रकला असतात तशाच पण नाजूक कमानी. पाट्याच्या टोकाला डोळा, डोळ्यात रबराचा बुश आणि बुशातून आरपार बोल्ट. बुश झिजला की स्पीडब्रेकरवर गाडी कण्हते. गोल्डन नेस्टच्या सर्कलला वळताना तर इतकी कण्हली की सिग्नलवरच्या रिक्षावाल्याने "चाचा, माँजी को डॉक्टर के पास ले जाओ" असं सांगितलं. माँजी म्हणजे काकू की गाडी, यावर घरी वाद झाला.

नवे बुश आले, प्रश्न जुना नट काढण्याचा. मराठीत नट म्हटलं की आधी रंगभूमी आठवते, आणि ते काही चुकीचं नाही. एकदा भूमिकेत शिरला की हाही एक्झिट घ्यायला तयार नसतो. त्यात भाईंदरची हवा. एकीकडे खाडी, दुसरीकडे मिठागरं, पलीकडे उत्तनचा समुद्र. मिठाचा ओलावा लोखंडावर बसला की गंज भरभर चढतो. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो आट्यांमध्ये फुगून बसतो आणि नट-बोल्टचं लग्न लागतं. घटस्फोटाला सतरा नंबरचा रिंग पाना लागतो आणि बराच काळ लागतो.

पहिला रविवार रॉकेलमध्ये गेला. बोल्ट भिजत ठेवला आणि काका चहा पीत बसले. भोवती सल्लागार जमले. तळमजल्याचे शहाभाई म्हणाले, "ब्रेक ऑइल नाखो." वॉचमन म्हणाला, "हमारे गाँव में डीजल डालते हैं." एक इंजिनिअर मुलगा मोबाइलवर टॉर्कचा हिशेब करू लागला, त्याला पाणी आणायला पाठवलं. काकांनी पान्याला तीन फुटांचा पाइप जोडला, 'गणपती बाप्पा' म्हणून जोर लावला, आणि पाना निसटून खांब क्रमांक सातवर आदळला. नटाचे सहा कोपरे होते, तीन उरले. काका कळवळले, पण मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यावर राग नव्हता. तोडीस तोड पहिलवान भेटल्यावर मल्लाला वाटावं तसं काहीतरी होतं.

इथे एक सांगितलं पाहिजे. काका पस्तीस वर्षं एका कचेरीत होते. तिथे कुणी त्यांना स्पष्ट 'नाही' म्हटलं नाही. साहेब 'बघू' म्हणायचे, कारकून 'होईल' म्हणायचे, फाइल 'वर' असायची. नटाचं तसं नाही. तो 'नाही' म्हणतो आणि त्यावर ठाम राहतो. काकांना तो आवडतो.

दुसऱ्या रविवारी एक्सा ब्लेड आलं. बोल्ट कापायला साडेतीन तास. कर्र-कर्र आवाजाने सी विंगमधल्या सत्यनारायणाच्या पूजेत व्यत्यय आला. भटजींनी दोनदा वर पाहिलं. बोल्ट तुटला, पाटा निघाला, पण डोळ्यातला बुश तिथेच. काकांनी तो जाळायचा ठरवलं. रबराचा काळा धूर थेट चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या चादरींत गेला. संध्याकाळी नोटीस लागली: 'आवारात ज्वलनशील छंद करू नयेत.' काकांनी ती वाचली आणि खाली 'वाचलं' अशी सही केली.

मग पाटा रिक्षात घालून भाईंदर पूर्वेला गेला. तिथे स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एकात काकांच्या ओळखीचा प्रेसवाला. ज्या प्रेसखाली डबे आणि वाट्या निघतात तिच्याखाली फियाटचा डोळा धरला आणि बुश टुणकन खाली पडला. प्रेसवाल्याने पैसे घेतले नाहीत. "लहानपणी हिच्यातून शाळेत जायचो," तो म्हणाला. पाच मिनिटांचं काम होतं, काका त्यामुळे थोडे नाराजच परतले.

नवा बुश घालताना तेल लावायचं नाही, तेलाने रबर फुगतं. साबणाचं पाणी लावायचं. काकूंनी भांड्यांचा साबण दिला, पण शहाभाईंनी सुचवल्याप्रमाणे बुश फ्रीझरमध्ये ठेवायला साफ नकार दिला. "माझ्या बोंबलांशेजारी तुमचं टायर नको." बुश साबणावरच बसला. आता शेवटचा नट. तो गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचा. जॅकवर हवेत आवळला की गाडी खाली उतरल्यावर रबर पिळतं आणि महिन्याभरात फाटतं. हे न कळणाऱ्या मेकॅनिकांना काकांनी आयुष्यभर नावं ठेवली. पण चाकांवर उभ्या फियाटखाली जेवढी जागा उरते त्यात काकांचं पोट मावत नाही. शेवटी सेंट्रिंगच्या चार फळ्यांवर मागची चाकं चढवली, काकांनी श्वास सोडला, वॉचमनने खांद्याला धरून त्यांना आत सरकवलं. नट आवळला गेला. बाहेर ओढताना मात्र तिघे लागले.

चौथ्या रविवारी काका-काकू उत्तनला सुके बोंबील आणायला गेले. मी मागच्या सीटवर. डोंगरीचे खड्डे, वळणं, स्पीडब्रेकर. गाडीने हूं की चूं केलं नाही. काकू खुशीत गाणं गुणगुणत होत्या. काका गप्प. परतताना त्यांनी मुद्दाम एक स्पीडब्रेकर वेगात घेतला. तरी काही नाही. घरी आल्यावर चावी टेबलावर ठेवली आणि निवृत्तीच्या दिवशी बसले असतील तसे खुर्चीत बसले.

पुढचे चार-पाच दिवस खांब सातखाली कुणी नव्हतं. वॉचमनने मला दोनदा विचारलं, "चाचा की तबियत ठीक है ना?" शुक्रवारी काकांनी मला जिन्यात गाठलं. "परवा मागे बसला होतास ना तू? उजवीकडून काही ऐकू आलं का? बारीकसं? टिक असं?"

काहीही आलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"आलं की," मी म्हणालो. "वळणावर. शॉकअप असेल बहुतेक."

"मी हिला सांगत होतो!" काका दोन पायऱ्या एकदम उतरले.

रविवारी सव्वानऊला दूध घेऊन येत होतो. तळवे वर, स्लीपर उलटी. गाडीखालून एक काळा हात बाहेर आला आणि बोटं हलली.

"आलास? सतरा दे."