गिअर बॉक्सचं गाऱ्हाणं कसं ऐकावं
(बीड जिल्ह्यातल्या नवशिक्या वाहनमालकांसाठी)

ही मार्गदर्शिका एमएच-२३ आणि एमएच-४४ अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्यांना लागू आहे. ज्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे त्यांनी पान उलटावं. त्यांचे आवाज वेगळे, खर्चही वेगळा.

साहित्य: एक गाडी, शक्यतो स्वतःची. एक सपाट रस्ता. एक घाट. आणि शेजारी बसून गप्प राहू शकेल असा एक माणूस. या शेवटच्या वस्तूचा जिल्ह्यात कायम तुटवडा असतो. मेहुणा चालणार नाही. मेहुण्याचं निदान आवाज ऐकण्याआधीच झालेलं असतं, आणि ते दरवेळी ‘क्लच प्लेट गेली’ हेच असतं. नववीतली भाची मिळाली तर उत्तम. आपल्याला गाडीतलं काही कळत नाही अशी तिची समजूत असते, म्हणून ती ऐकते.

सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून करावी. डिकीत जॅक असतो, पाण्याचा कॅन असतो, पान्यांची पिशवी असते आणि परळीहून आणलेला नारळ असतो. वैजनाथाचं दर्शन घेऊन आलेल्या गाडीत नारळ हमखास मागे राहतो आणि प्रत्येक वळणाला या कडेवरून त्या कडेला जातो. डिफरन्शियलची कैक दुखणी नारळ उतरवल्यावर बरी झालेली आहेत.

मग आवाज आपल्याच गाडीचा आहे ना, याची खात्री करावी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला हे अवघड जातं. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर मागे ट्रॉल्या जोडून, त्यावर अख्खा संसार घेऊन घाट चढत असतात आणि त्यांच्यामागे आपण दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतो. दात खाल्ल्यासारखा आवाज त्यांचा की आपला, हे काच वर केल्याशिवाय कळत नाही. पाटोदा तालुक्यात नायगावच्या मयूर अभयारण्याजवळ अचानक कर्कश ओरडा ऐकू आला तर बोनेट उघडू नये. थोडं पुढे जावं. आवाज मागेच राहिला तर तो मोर होता.

आता मुख्य धडा. नवशिक्या माणूस मिस्त्रीकडे जातो आणि आवाज काढून दाखवतो. आपल्या भाषेत घरघर, खरखर, कुरकुर, खडखड, किरकिर, टकटक, खाटखूट असा भरपूर माल आहे, त्यामुळे माणसाला हुरूप येतो. तो गाल फुगवून ‘घर्रर्र’ करतो. मिस्त्री म्हणतो, ‘पुन्हा एकदा काढा बरं.’ तो पुन्हा काढतो. शेजारच्या टपरीवर चहा पिणारे दोघं उठून येतात आणि आपापल्या गाडीची घर्रर्र ऐकवतात. एवढं सगळं झाल्यावर मिस्त्री चावी घेऊन गाडी चालू करतो, आणि गाडी लग्नातल्या करवलीसारखी शहाण्यासारखी वागते. आवाज नाहीच. मग सगळ्यांच्या ओळखीचं वाक्य येतं, ‘बॉक्स उतरवून बघावं लागन.’

म्हणून हा नियम पाठ करावा: आवाज कसा येतो हे सांगू नका, केव्हा येतो ते सांगा. एकच झिजलेलं बेअरिंग अल्टोत गुणगुणतं आणि बोलेरोत गुरगुरतं. पत्रा, फरशी, सीटचं कव्हर यातून येताना आवाजाचा चेहरा पार बदलतो. पण तो कोणत्या गिअरला येतो, क्लचवर पाय असताना येतो की काढल्यावर, रेस दिल्यावर येतो की सोडल्यावर, एवढं सांगितलं की त्या क्षणी आतलं काय फिरत होतं आणि कशावर जोर होता हे मिस्त्रीला कळतं. भाचीच्या हातात वही द्यायची ती याचसाठी.

पहिली परीक्षा अंगणातच होते. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला टाका, इंजिन चालू ठेवा, पंखा आणि गाणी बंद करा. क्लचवरचा पाय पूर्ण काढलेला असताना इंजिन गिअर बॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवत असतं, त्याच्यासोबत काउंटर शाफ्टही फिरतो. चाकं उभी, पण बॉक्सच्या आत अर्धी जत्रा भरलेली. आता घरघर येत असेल तर क्लच हळूहळू पूर्ण दाबा. घरघर विरली, तर दुखणं या फिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये आहे, कारण क्लच दाबल्यावर ते शाफ्ट थांबले.

उलट घडलं, म्हणजे आधी शांतता आणि पेडल दाबायला लागताच किरकिर, तर रिलीज बेअरिंग. क्लच दाबला की हेच बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पट्ट्यांवर टेकून फिरतं. पेडल नुसतं टेकवल्यावर आवाज सुरू झाला की संशय याच्यावर पक्का. काही गाड्यांत ते कायमच टेकलेलं असतं, तिथं आवाज दाबल्यावर सुरू होण्याऐवजी बदलतो. मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत आणखी एक छोटं पायलट बेअरिंग असतं. पेडल पुरतं खाली गेल्यावर, आणि त्यातही गाडी गिअरमध्ये टाकून उभी असताना जास्त ओरडत असेल, तर ते.

रिलीज बेअरिंग कशानं जातं हे इथंच सांगून टाकतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवल्यानं. आपल्याकडं क्लचचं पेडल हे पाय टेकवायचं पाटलाचं लोड आहे असा समज आहे. तसंच डाव्या हाताचं. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून निवांत बसलं की दांड्याखालचा फोर्क फिरणाऱ्या स्लीव्हवर घासत राहतो. गिअर टाकून झाला की हात स्टिअरिंगवर न्यावा. मोबाइलवर नेऊ नये.

दुसऱ्या परीक्षेसाठी बीडहून गेवराईकडं निघा. धुळे-सोलापूर महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२, इथं बराचसा सपाट आहे. पाडळशिंगीच्या टोलनाक्याआधी काम उरकलं तर टोलही वाचेल. प्रत्येक गिअरमध्ये थोडी थोडी गाडी चालवा, आधी रेस देऊन, मग सोडून. आवाज एकाच गिअरला येत असेल तर त्या जोडीचे दात झिजलेत. सगळ्याच गिअरना येत असेल तर बेअरिंग तरी, नाहीतर ऑइल तरी. बोलेरोसारख्या मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत एक गंमत असते. अशा पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा गिअर बहुधा थेट असतो. म्हणजे इनपुटचा जोर सरळ मागे जातो, काउंटर शाफ्टवर भार पडत नाही. म्हणून बाकी सगळीकडे गुरगुरणारी गाडी चौथ्यात गप्प झाली, तर काउंटर शाफ्टचं बेअरिंग धरा. स्विफ्ट किंवा वॅगनआरवाल्यांनी ही युक्ती वापरू नये. पुढची चाकं ओढणाऱ्या या गाड्यांत असा थेट गिअर नसतो.

याच रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, वेग घेऊन गाडी क्षणभर न्यूट्रलला टाका. आवाज वेगाबरोबर तसाच राहिला, तर गिअर बॉक्स बहुतेक निर्दोष आहे. चाकाचं बेअरिंग किंवा टायर बघा. उजवं वळण घेताना आवाज वाढत असेल तर आधी डावीकडचं चाक तपासायचं, कारण वळणावर भार बाहेरच्या अंगाला जातो.

ही न्यूट्रलची परीक्षा मांजरसुंब्याच्या घाटात करू नका. धारूरच्या घाटात तर करूच नका. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणारा एक पंथ आपल्याकडे आहे. त्यांना सांगायला हवं की इंजेक्शनच्या नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं. म्हणजे ब्रेक तापवून, जीव धोक्यात घालून डिझेल जास्त जाळायचं.

तिसरा प्रकार गिअर टाकताना येणाऱ्या ‘कर्रर्र’चा. गिअर बसण्याआधी दोन भागांचा वेग जुळवणं हे पितळी सिंक्रो रिंगचं काम. कॅडिलॅकनं १९२८ साली ही सोय गाडीत आणली. त्याआधी, आणि साध्या गाड्यांत त्यानंतरही बरीच वर्षं, हे काम ड्रायव्हरचा पाय करत असे. एसटीचे जुने ड्रायव्हर डबल क्लच मारून गिअर असा बसवायचे की डुलकी घेणारा प्रवासी जागा होत नसे. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, त्यामुळे गाडी पुरती थांबवून तो टाकावा लागे. आज एकाच गिअरला कर्रर्र होत असेल तर त्याची रिंग झिजली समजा. सगळ्याच गिअरना होत असेल तर बॉक्सवर आळ घेऊ नका, क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल किंवा क्लचचं ऑइल बघा, काम स्वस्तात होतं.

रिव्हर्स गिअरचा कायदा वेगळा. त्याचे दात बहुतेक गाड्यांत सरळ कापलेले असतात आणि पुढच्या गिअरचे तिरके, म्हणून मागे जाताना ‘वूंऽऽ’ हा आवाज जन्मजात असतो. काहीजण रिव्हर्सला भक्तिगीत जोडतात, त्यांना तो ऐकूच येत नाही. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोही नसतो. क्लच दाबून दोन सेकंद थांबावं, किंवा आधी पहिला गिअर टाकून मग रिव्हर्स. एवढ्यानं कर्रर्र थांबला तर रोग नव्हताच, घाई होती.

गिअर बॉक्सच्या नावावर खपणारे बाकीचे आवाज झटपट उरकू. रेस देताना आणि सोडताना एकेक ‘खाट’ येत असेल तर इंजिनाचं फाउंडेशन, नाहीतर मागच्या शाफ्टचा क्रॉस. शिवाजी चौकात पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना टकटकटक येत असेल तर पुढच्या एक्सलचा जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला फाटलेलं रबरी बूट आणि उडालेलं ग्रीस दिसेल. स्पीडब्रेकरवर खडखड झाली तर सस्पेन्शन. गावागणिक लोकांनी स्वतःच्या हातानं घातलेल्या स्पीडब्रेकरांवर न वाजणारी गाडी अजून कारखान्यातून बाहेर पडायची आहे.

काहीही उघडायच्या आधी ऑइल बघावं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. बहुतेक बॉक्सच्या कुशीला एक नट असतो, तो काढला की ऑइल भोकाच्या काठापर्यंत दिसायला हवं. ऑइल बदलायचं असेल तर वरचा, भरायचा नट आधी सोडवून बघा. खालचा खोलून सगळं ऑइल वाहून गेल्यावर वरचा गंजून बसलाय असं कळलं, तर गाडी जागेवरून हलत नाही आणि वीस जण सल्ला द्यायला जमतात. नटाच्या चुंबकाला राखाडी लेप असला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. पोलादाचे कपचे दिसले तर घाबरा. ऑइलमध्ये सोनेरी चमचम असेल तर सिंक्रोचं पितळ आहे, चुंबकाला ते चिकटणार नाही. ऑइलला घाण वास येतो म्हणून ते खराब झालं असं समजू नये, नव्या गिअर ऑइललाही गंधकाचा तोच वास असतो. कोणतं ऑइल घालायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, कंपनीच्या प्लास्टिकमध्ये अजून सीलबंद असेल. जाड ऑइल घातलं की आवाज दबतो, हे खरं आहे. जुनी गाडी विकणाऱ्यांना ते फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणून शांत बॉक्सची जुनी गाडी घेताना ऑइल बोटावर घेऊन बघावं, आणि सकाळी गार गाडीला गिअर बसतो का तेही.

आता मिस्त्रीकडे जा. तोंडानं आवाज काढू नका, भाचीची वही पुढे करा. ‘न्यूट्रलला येतो, क्लच दाबला की जातो, गरम झाल्यावर वाढतो,’ एवढं ऐकल्यावर चांगला मिस्त्री लांब पेचकस घेईल, एक टोक बॉक्सला आणि दुसरं कानाला लावेल आणि डोळे मिटेल. तेवढा वेळ टपरीवरच्या दोघांना चहा पाजून गप्प ठेवणं हे तुमचं काम. न ऐकताच ‘खोलावं लागन’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून दुसरा गाठा.

गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल किंवा आवाज दर दिवशी वाढत असेल, तर घाटात गाडी घालू नका. तुटलेला एक दात बाकीच्यांना घेऊन जातो. बॉक्स उतरवायची वेळ आलीच, तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बघून घ्या, झिजलेलं असेल तर तिथंच बदला. नंतर एवढ्यासाठी पुन्हा बॉक्स उतरवला तर मजुरी पहिल्याइतकीच लागते. आणि काढलेलं बेअरिंग मागून घ्या. बोटात धरून फिरवलं आणि ते खरखरलं नाही, तर दुसऱ्या मिस्त्रीचा पत्ता आजच विचारून ठेवा.