पाचशेचारचा वाली कोण?

पिंपळवंडीत बिबट्याने शेळी नेली तर वनखात्याला फोन करायचा, डीपी जळाली तर वायरमनला गाठायचं, आणि दोघंही सापडले नाहीत तर सरपंचांचं दार ठोठवायचं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वेबसाइट बंद पडली की मात्र सारं गाव पोरकं होतं. तिचा वायरमन कुठे बसतो, हे कोणालाच माहीत नसतं.

आमच्या नानांना एका सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा होता. मुदत संपत आली होती, म्हणजे आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे अर्ज भरायची वेळ झाली होती. पडद्यावर चक्र फिरलं, फिरतच राहिलं आणि शेवटी पांढऱ्या पानावर ५०४ हा आकडा उमटला. नानांचा पहिला संशय माझ्यावर. "तू कायतरी भलतंच दाबलंस." मी पुण्यात कॉम्प्युटरवर पोट भरतो, त्यामुळे भावकीतल्या प्रत्येक मोबाइलच्या वागणुकीला मीच जामीन असतो.

मग तपास सुरू झाला. फाट्यावरच्या सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, "साइट वरूनच बंद हाय, नाना." हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या, तुमचं नेट स्लो असेल. नेटवाल्याने उलट विचारलं, "यूट्यूब चालतंय ना? मग आमच्याकडनं ओके आहे." यूट्यूब चालत होतं, नानांचं कीर्तन एकदाही अडखळलं नव्हतं. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीने "हे टेक्निकल आहे, मेल टाका" म्हणून सुटका करून घेतली. मेल टाकला. उत्तर तत्परतेने आलं : आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. साइट बंद होती ती बंदच राहिली, तक्रार तेवढी वेळेत बंद झाली.

वास्तविक या भांडणाचा निवाडा वेबची नियमावली लिहिणाऱ्यांनी केव्हाच करून ठेवलाय. चारने सुरू होणारा आकडा आला की चूक मागणाऱ्याची, पाचने सुरू होणारा आला की देणाऱ्याची. ४०४ म्हणजे तुम्ही दिलेल्या पत्त्यावर असं पानच नाही. ४०३ म्हणजे तुम्हाला आत यायची परवानगी नाही. ५०० म्हणजे आमच्याच पोटात काहीतरी बिघडलंय. आणि नानांचा ५०४ म्हणजे दारावरच्या शिपायाने कागद आत नेला, ताटकळत उभा राहिला, साहेबांनी मान वर केली नाही. शेवटी तोच बाहेर येऊन सांगतो, उत्तर नाही. आपण शिव्या घालतो शिपायाला.

याच मालिकेत ४१८ नावाचा एक आकडा आहे. १ एप्रिल १९९८ ला थट्टा म्हणून काढलेला. त्याचा अर्थ, 'मी चहाची किटली आहे, माझ्यात कॉफी होणार नाही.' आपण कोण आणि आपल्याच्याने काय होणार नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा मला तरी दुसरा कोणी भेटलेला नाही.

"म्हंजे दोष त्यांचा," नाना म्हणाले. "मग त्यांना सांग की." इथेच गोची आहे. एका अर्जामागे पोर्टलचा सर्व्हर, आधारचा सर्व्हर, जमिनीच्या नोंदींचा सर्व्हर आणि एसएमएस पोचवणारी मोबाइल कंपनी असे चार धनी. ओटीपी आला नाही, तर नेमका कोणाच्या हातून सांडला?

नानांनी एक पाचवा धनी शोधला : खोडदची दुर्बीण. नारायणगावाजवळच्या या रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, आणि आपली रेंज त्याच ओढून घेतात, अशी त्यांची खात्री. मी सांगितलं, ती फक्त ऐकते, काही सोडत नाही. उलट आपल्या मोबाइलचा त्रास तिलाच होतो. २०२३ च्या जानेवारीत बातमी होती, एका दीर्घिकेतून ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश तिने टिपला. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे ३० पट ठळक केला होता. नाना थोडा वेळ गप्प बसले. "त्याला मुदत नव्हती ना," ते म्हणाले. "आपल्या ओटीपीला धाच मिन्टं."

पुढे एकदा सेवा केंद्रात 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं लाल पान आलं. पोरगा ओरडला, "हॅक झालं!" कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं, तर कॉम्प्युटर दहा-बारा वर्षं मागे जगत होता. साइटच्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. त्याच्या हिशेबाने ते अजून जन्मलंच नव्हतं. मदरबोर्डवरचा बटन सेल संपला होता. तो बदलला, तारीख नीट लावली, पान उघडलं. जमलेल्या मंडळींनी तो जुना सेल हातोहात फिरवून पाहिला. वेबसाइटचा गुन्हेगार प्रत्यक्ष हाती लागल्याची आमच्याकडची ही पहिलीच वेळ.

नानांचा अर्ज मात्र रात्री दोनला भरला गेला. शेतीची वीज रात्रपाळीची, ते बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला उठले होते, सहज मोबाइल उघडला आणि साइट सुरू! सगळे झोपलेले, गर्दी नाही, साहेब मोकळे. सकाळी त्यांनी निकाल सांगितला, "साइटलाबी लाइट रातचीच दिसतीय."

तेव्हा मंडळी, एक विनंती. पान उघडलं नाही तर आधी दुसरी साइट उघडून बघा, मग वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवर तीच साइट बघा, घड्याळातलं साल तपासा. एवढं करूनही पाचने सुरू होणारा आकडा आला, तर वेळेसकट त्याचा फोटो काढून ठेवा, आणि कृपा करून राउटर बंद-चालू करू नका. त्या बिचाऱ्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही.