बिनकुलपाचं ग्रिल

सासरेबुवा न्यू जर्सीत आमच्याकडे मुक्कामाला आले आणि त्यांनी घराची पाहणी सुरू केली ती खालून. पाहुण्यांची खोली आमच्या बेसमेंटात आहे. तिथल्या खिडकीपुढे हात मागे बांधून ते बराच वेळ उभे राहिले आणि निकाल दिला, "जावईबापू, हे घर नाही, धर्मशाळा आहे."

खिडकीला गज नव्हते.

सासरे पुण्यात तळमजल्यावर राहतात. खिडक्यांना ग्रिल, मागे डासांची जाळी, पुढे सेफ्टी डोअर, आतल्या दाराला लॅच, कडी, अडसर आणि वर गोदरेजचं कुलूप. चोराचं सोडा, सख्ख्या जावयाने बेल वाजवल्यापासून तो आत पोचेपर्यंत त्याच्यासाठी ओतलेला चहा निवतो.

बेसमेंटची खिडकी चोराच्या सोयीची असते, हे मात्र खरं. ती जमिनीलगत, बहुधा घराच्या मागच्या अंगाला. उजेड यावा म्हणून तिच्यापुढे खड्डा खणून अर्धगोल पत्रा रोवलेला असतो. त्याला विंडो वेल म्हणतात. त्यात उतरून बसलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही. शिवाय इथले काही चोर देशी घरं हेरूनच येतात, कारण आपण सोनं घरात ठेवतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली आहे. आमच्या बेसमेंटात त्यांना मिळाल्या असत्या सोना मसुरीच्या गोण्या, थर्माकोलचं मखर, विमानाच्या रिकाम्या बॅगा आणि सासरे.

"गज बसवून टाका. वेल्डर बोलवा."

मी इथला नियम सांगितला. बेसमेंटात कुणी झोपणार असेल, तर त्या खोलीच्या खिडकीतून माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. आग लागली की जिन्यात आधी धूर भरतो. अग्निशमन दलाच्या जवानालाही पाठीवरच्या सिलिंडरसकट त्याच खिडकीतून आत शिरावं लागतं. म्हणून उघडी जागा पुरेशी मोठी हवी. उंची निदान 24 इंच, रुंदी निदान 20 इंच आणि खिडकीची खालची कड फरशीपासून 44 इंचांच्या आत. गजांना बंदी नाही, पण ते आतून किल्लीशिवाय, अवजाराशिवाय उघडले पाहिजेत.

"बिनकुलपाचं ग्रिल?" सासऱ्यांनी चष्मा काढला. "मग पडदाच लावा की. धुता तरी येईल."

त्यांचा जन्म बँकेची कॅश सांभाळण्यात गेला. चोर आत कसा येणार नाही, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. आणि इथलं सरकार विचारत होतं, तुम्ही बाहेर कसे येणार? पक्क्या ग्रिलमुळे आपल्याकडेही आगीत माणसं अडकतात, हे मी सांगून पाहिलं.

"आमच्या सोसायटीत आग लागत नाही. सेक्रेटरी परवानगी देणार नाहीत."

मग उपाय सुरू झाले. लॉण्ड्रीच्या चिमुकल्या खिडकीत काचेच्या जाड विटा बसवल्या. शिकागोकडच्या जुन्या बंगल्यांच्या तळघरांत त्या सर्रास दिसतात. उजेड येतो, चोर येत नाही. बाकीच्या काचांना सिक्युरिटी फिल्म. ती 8 मिलची, म्हणजे जेमतेम 0.2 मिलिमीटर. काच फुटते, पण फिल्म तुकडे धरून ठेवते, आणि चोराला जास्त वेळ ठोकाठोक करावी लागते. कडा चौकटीशी पक्क्या केल्या नाहीत तर मात्र अख्खी काच चौकटीतून निघून येऊ शकते. फिल्म चिकटवताना साबणाचं पाणी फवारण्याचं काम सासऱ्यांकडे होतं. "काच फुटणारच, तर पैसे कसले घेतात?" हा प्रश्न त्यांनी प्रत्येक फवाऱ्याला विचारला. त्यांना मनापासून पटलेला उपाय एकच. जिन्याजवळच्या सरकत्या खिडकीच्या खाचेत जुन्या झाडूचा दांडा कापून आडवा टाकायचा. तो पोलीसही सुचवतात, पण सासऱ्यांना आवडला तो फुकट होता म्हणून.

त्यांच्या खिडकीबाहेरच्या विंडो वेलवर पॉलिकार्बोनेटचं मजबूत झाकण आलं. वर माणूस उभा राहिला तरी मोडत नाही, आणि आतून ढकललं की उघडतं. आत शिडीही बसवली.

"प्रात्यक्षिक झाल्याशिवाय मी पावती देत नसतो," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माकडटोपी, लेंगा आणि शाल अशा वेषात ते खिडकीतून निघाले, शिडी चढले आणि झाकण ढकलून हिरवळीवर कमरेपर्यंत उगवले. नेमका शेजारी कुत्र्याला फिरवत होता. त्याने यांच्याकडे पाहिलं, हसून "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि पुढे गेला. कुत्रंही भुंकलं नाही.

सासरे पुढच्या दाराने आत आले ते संतापूनच.

"परका माणूस जमिनीतून वर येतो आणि हा गुड मॉर्निंग म्हणतो? अहो, आमच्या समोरच्या काकू तीस वर्षांच्या ओळखीच्या पोस्टमनलासुद्धा कोण हवंय विचारतात. तुमच्या त्या फिल्मचे पैसे परत घ्या आणि काकूंचं तिकीट काढा!"