टाकीत व्हिनेगर, घरात शिमगा

कोल्हापुरात हल्ली एवढं व्हिनेगर कोण पितंय, हे कुणीतरी एकदा विचारायलाच हवं. ज्या गृहस्थाने उभ्या जन्मात लोणच्याची बरणी उन्हात ठेवली नाही, तो पाच-पाच लिटरचे कॅन स्कूटरच्या पुढ्यात ठेवून घरी नेतोय. शेजारणीला वाटलं, भावोजींनी चायनीजची गाडी टाकली. टाकली असती तर बरं झालं असतं हो, चार पैसे तरी आले असते! ते सगळं व्हिनेगर गेलं गंज काढायला, एका मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत, आणि टाकी बसली मोरीत. दोन दिवस घरच्यांनी आंघोळीला चुलत्यांकडे जायचं.

गाडी कुठली हे विचारूच नका. आरएक्स हंड्रेड. 1985 साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्रावर बाजारात आणली, 1996 मध्ये बंद केली. 98 सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन जेमतेम शंभर किलो. एकेकाळी पोलीस आणि सोनसाखळी चोर दोघांनाही हीच गाडी आवडायची असं म्हणतात. आज तिच्यासाठी लाखाच्या वर आकडा सांगतात आणि ऐकणारा पळून जात नाही, उलट ‘कागद क्लिअर आहेत का’ म्हणून विचारतो! त्यातून हा नाद कुणाला? गाडी बंद झाली तेव्हा जे जन्मालाही आले नव्हते त्यांना. 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. बटण दाबलं की सुरू होणाऱ्या गाडीवर वाढलेली ही पोरं आता चोक ओढायला मिळावा म्हणून बापाकडे पैसे मागतायत.

गाड्या सापडतात कुठे? गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे, माडीखालच्या अंधारात. मामा वारले, गाडी तशीच राहिली. विकणारा एक वाक्य हमखास बोलतो, “काय नाही भावा, नुसता कार्बोरेटर साफ केलास की सुरू होतीय.” या एका वाक्यावर किती संसार डळमळले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

कारण टाकीचं झाकण कुणी उघडतच नाही! उघडलं तर आधी वास येतो, जुन्या व्हार्निशसारखा उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा. मग बॅटरी मारून आत बघावं. पेट्रोल होतं तिथवर तपकिरी चिकटा, आणि त्याच्या वर, जिथे वर्षानुवर्षं नुसती हवा होती, तिथे गंजाचे पापुद्रे. अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली की हेच होणार. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन उघड्या पत्र्यावर बसतं. टाकी काठोकाठ भरून ठेवली असती, तर निदान हवेला आत जागा राहिली नसती. मामांना हे कोण सांगणार होतं?

पण लोकांचं वागणं बघा. गुन्हा टाकीचा आणि मार खातो कार्बोरेटर. टाकीतला बारीक गंज कॉकच्या जाळीतून निसटतो, थेट कार्बोरेटरच्या वाटीत उतरतो आणि जाऊन बसतो जेटमध्ये. स्लो जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू; उजेडाकडे धरला तर मधलं भोक दिसतं न दिसतं. तेच बुजलं की गाडी चोकवर सुरू होते, चोक सोडला की मान टाकते. पिनेखाली कण अडकला की पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन बुटावर. मग कार्बोरेटर उतरवायचा, फुंकर मारायची, बसवायचा. गाडी पंचगंगेच्या पुलापर्यंत जाते आणि पुन्हा तेच. महिनाभरात त्या कार्बोरेटरचे स्क्रू झिजतात, पण टाकीकडे बघायचं कुणाच्या मनात येत नाही. बाहेरून तिच्यावर मात्र नवा रंग, सोनेरी पट्टे, वर पॉलिश! आत काय चाललंय याची लाज नाही.

जेट साफ करण्याच्या तऱ्हा तर ऐकवत नाहीत. क्लच वायरची एक तार काढून भोकात खुपसणारे आहेत. भोक मोकळं होतं, मोठंही होतं, आणि मग गाडी पेट्रोल पिते ती पितेच. वर्षानुवर्षं यामाहा उघडणाऱ्या मिस्त्रींसमोर हे करून बघा, पाना हातात असतानाच शिव्या सुरू होतील. एकाने म्हणे टाकीचं व्हिनेगर वाया कशाला घालवा म्हणून अख्खा कार्बोरेटरच त्यात बुडवला. जस्ताच्या मिश्रधातूचा तो. सकाळी काळवंडून खरखरीत झालेला हाती आला. आणि ताजी बातमी अशी की गुजरीतल्या एका सोनाराच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये, जिथे आपल्या पाटल्या-बांगड्या चकचकीत होतात, तिथे दुकान बंद झाल्यावर कार्बोरेटर पोहायला जातात! उपाय म्हणाल तर नंबर एक. ध्वनिलहरींनी आतल्या बारीक वाटासुद्धा मोकळ्या होतात. पण सासूबाईंची बोरमाळ आणि मिकुनीचा कार्बोरेटर एकाच पाण्यात, हे घरी कळलं तर?

टाकीचे उपचारही कमी नाहीत. मूठभर नट-बोल्ट, नाहीतर जुन्या चेनचा तुकडा आत टाकून हलवायची, ही जुनी रीत. हात भरून आले तेव्हा कुणीतरी टाकी गोधडीत गुंडाळली, काँक्रीटच्या मिक्सरला बांधली आणि स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी फिरवली म्हणतात. आजीच्या हातची गोधडी होती ती! काहीजण फॉस्फोरिक ॲसिड वापरतात, आणि ते एकवेळ शहाणपणाचं, कारण ते गंज काढता काढता पत्र्यावर फॉस्फेटचा थर ठेवून जातं. संडास साफ करायचं ॲसिड ओतणारे मात्र वेगळ्याच जातकुळीचे. ते गंजाबरोबर पत्राही खातं, आणि धुऊन होईपर्यंत टाकी पुन्हा केशरी. अतिहुशार मंडळी धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून बॅटरीचा चार्जर जोडतात. निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत सोडलेल्या लोखंडी सळीला, सळी पत्र्याला टेकता कामा नये. गंज सुटतो, पण त्यातून हायड्रोजन निघतो हे विसरून हे सगळं बंद खोलीत, उदबत्तीशेजारी! इथे थट्टा थांबवते. हा उद्योग अंगणातच करावा. आणि नुसती रिकामी केलेली टाकी वेल्डिंगला नेऊ नये. पेट्रोल संपलं तरी वाफ आत असते, आणि स्फोट वाफेचा होतो.

खरा तमाशा तर गंज निघाल्यावर. कित्येक टाक्या गंजानेच धरून ठेवलेल्या असतात. तो निघाला की तळाला सुईच्या अग्राएवढी भोकं उघडी पडतात आणि चार हजारांचा नवा रंग पेट्रोलच्या ओघळाने फुगून वर येतो. म्हणून जाणकार आधी टाकी साफ करतात, मग भोकं बघतात, रंगाचं नाव सगळ्यात शेवटी काढतात. धुतल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं आणि लगेच वाळवायचं, नाहीतर तासाभरात ताजा गंज. आता घराघरांतून केसांचे ड्रायर का गायब आहेत ते कळलं? ऐन लग्नसराईत वहिनी ओल्या केसांनी ताटकळतायत आणि ड्रायर टाकीच्या तोंडात! वाळली की थोडं टू-टी ऑइल आत घोळवायचं. एपॉक्सीचा लेप देणारेही आहेत. पण खाली तेल किंवा ओल राहिली असेल, तर तोच लेप सोलून खाली येतो आणि पुन्हा जेटमध्ये जाऊन बसतो.

त्यात आता इथेनॉलची भर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांवर गेलंय. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुनी रबरं खराब करतं आणि टाकीतला साचलेला चिकटा सोडवून खाली पाठवतं. मज्जा अशी, की नाद करणाऱ्यांत उसाच्या बागायतदारांची पोरं मोप. ऊस कारखान्याला यांनीच घालायचा, बिलाच्या पैशातून आरएक्स यांनीच घ्यायची आणि मग पंपावर उभं राहून इथेनॉलला शिव्याही यांनीच द्यायच्या!

या जमातीत वर्णव्यवस्थाही आहे बरं का. जावा-येझ्दीवाले स्वतःला खानदानी समजतात. म्हैसूरची गाडी, जुलैच्या दुसऱ्या रविवारी त्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस, धूर तर बघायलाच नको. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो म्हणून आमची टाकी गंजत नाही, असं ते छातीठोक सांगतात. पेट्रोल उडून गेल्यावर तेच ऑइल कार्बोरेटरच्या वाटीत काकवीसारखं बसतं, हे मात्र गिळतात. त्यांच्याही वर राजदूत 350 वाले. 1983 ची ती गाडी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. एक तुंबला की गाडी एकाच सिलिंडरवर फटफटत घरी येते आणि मालक म्हणतो, मुद्दाम हळू चालवत होतो.

विंटेज म्हणून मिरवायचं म्हटलं तर सरकारी नियमाने गाडी पन्नास वर्षांची हवी, म्हणजे पहिल्या आरएक्सलाही 2035 उजाडेल. तोवर कुणी लग्न थांबवत नाही. परवाच कागलकडच्या एका मुलाला पाहायला मंडळी आली. दारात तीन आरएक्स, तिन्ही आरशासारख्या. मुलाची आई धास्तावलेली, आता हे गाड्यांच्या नोंदणीचा खर्च विचारणार. मुलीचे वडील जुने येझ्दीवाले निघाले. पोहे बाजूला ठेवून अंगणात गेले, मोबाइलची बॅटरी लावून तिन्ही टाक्यांची झाकणं उघडून आत बघितलं आणि आत येऊन म्हणाले, “दोन चांगल्या आहेत. तिसरी साफ करा, मग तारखेचं बघू.”